‘ऑपरेशन झेपणार नाही’ म्हणजे नेमकं काय झेपणार नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘सासरे ८६ वर्षांचे. अडीच महिन्यांपूर्वी मध्यरात्री लघवी पूर्ण अडली, पोटात असह्य कळा येत होत्या. नळी घातल्यावर ९०० मिली लघवी निघाली. त्यानंतर दोनदा नळी काढून पाहिली, दोन्ही वेळा रात्रीपर्यंत परत अडली. प्रोस्टेट ६८ ग्रॅम. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही, नळी आता कायमची. नळीमुळे बाबा घराबाहेर पडत नाहीत, झोपेत दोनदा ओढून रक्त काढलंय. भूल न देता, चिरफाड न करता काही उपाय आहे का?’ सोबत औषधांची यादी दिली आहे.

ताई, उपाय आहेत. एक नाही, चार-पाच आहेत. पण त्यांची नावं सांगण्याआधी मी तुमच्या डॉक्टरांच्या एका वाक्यापाशी थांबतो, कारण सगळी गोम तिथे आहे. ‘झेपणार नाही’ हे वाक्य मीही सव्वीस वर्षांत शेकडो वेळा उच्चारलंय. त्यात चार वेगवेगळ्या भीती एकत्र बांधलेल्या असतात : भूल झेपणार नाही, रक्तस्राव झेपणार नाही, इस्पितळातलं राहणं झेपणार नाही, आणि एवढं करून लघवी सुटलीच नाही तर तो मनस्ताप झेपणार नाही. नव्या उपचारांपैकी प्रत्येक उपचार यातली एखाद-दुसरी भीती टाळतो. चारही टाळणारा अजून कोणी काढलेला नाही. तेव्हा तुमच्या बाबांच्या बाबतीत नक्की कोणती भीती खरी आहे, हे आधी ठरवायला हवं.

त्याच्याही आधी औषधांची यादी. तुम्ही ती दिलीत हे फार बरं झालं, कारण मला त्यात दोन संशयित दिसतात. झोपेसाठी चालू असलेली ॲमिट्रिप्टिलिन आणि सर्दीसाठी ‘लागेल तेव्हा’ लिहिलेली क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनची गोळी. पहिलं औषध मूत्राशयाचा स्नायू सैल पाडतं. दुसऱ्या गोळीतला एक घटक तेच करतो आणि दुसरा घटक मूत्राशयाचं तोंड आवळतो. पंचविशीतल्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. ज्याचा मार्ग आधीच चिंचोळा झालाय त्याला मात्र अशी एखादी गोळी पुरते. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या पंपातलं टायोट्रोपियम, काही पोटदुखीच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं हीही याच पंगतीतली. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा गुन्हेगार म्हणजे बद्धकोष्ठ. माझ्याकडे एक चौऱ्याऐंशी वर्षांचे शेतकरी आजोबा आले होते, तीन वेळा नळी काढून तीनदा अडलेले. मुलगा लेझरसाठी पैसे जमवून आला होता. बोटाने तपासलं तर गुदाशय दगडासारख्या मळाने भरलेलं. एनिमा, चार दिवस लॅक्टुलोज, खोकल्याचं औषध बंद, आणि पाचव्या दिवशी नळी काढली ती कायमची. नंतर दोन वर्षं ते दर सहा महिन्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायचे. लेझर करून घेणाऱ्यांनी इतक्या शेंगा कधी आणल्या नाहीत.

म्हणून पहिलं काम : ॲमिट्रिप्टिलिन मनाने एकदम बंद करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना फोन करून कमी करत बंद करता येईल का, एवढं विचारा. सर्दीची गोळी मात्र आजच कचऱ्यात जाऊ दे.

दुसरं, नळी काढून पाहण्याची ‘ट्रायल’ नीट झाली होती का? यादीत टॅम्सुलोसिन आहे, पण ती दुसऱ्या ट्रायलनंतर सुरू झालेली दिसते. म्हणजे दोन्ही परीक्षा अभ्यासाशिवाय दिल्या. या गटातली गोळी प्रोस्टेटमधला आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करते, आणि नळी काढण्यापूर्वी किमान दोन-तीन दिवस ती पोटात जायला हवी. अल्फुझोसिनवर झालेल्या मोठ्या चाचणीत गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांना नळी काढल्यावर लघवी झाली, नुसती बिनऔषधी गोळी घेतलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. फरक जादूचा नाही, पण फुकट सोडण्यासारखाही नाही. गोळी रात्री झोपताना द्या, आणि रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायला सांगा, कारण हिने रक्तदाब उतरतो. पडून खुब्याचं हाड मोडलं तर प्रोस्टेटचा प्रश्न कुठल्या कुठे राहील. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा. तिच्यामुळे बुबुळ ढिलं पडतं. ड्युटास्टेराइड प्रोस्टेट आकसवते खरी, पण तिला सहा महिने लागतात.

पोट साफ, गोळी सुरू, लघवीत ताप आणणारं इन्फेक्शन नाही, अशा स्थितीत सकाळी लवकर नळी काढायची, दिवसभर नेहमीसारखं पाणी प्यायचं आणि दुपारी सोनोग्राफीने किती शिल्लक राहतंय ते बघायचं. तिसरी ट्रायल अशी करा. यश मिळेल अशी हमी नाही. पण ती न करता कोणी तुम्हाला मशीनचं नाव सांगत असेल तर जरा थांबा.

आता समजा, तीही फसली. मग प्रश्न मोटरचा. शेतावरचं उदाहरण देतो : पाणी येत नसेल तर दोष पाइपात असतो किंवा मोटरमध्ये. प्रोस्टेटवरचे सगळे उपचार पाइप मोकळा करतात. मोटर, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू, जळालेली असेल तर पाइप कितीही मोठा केला तरी उपयोग मर्यादित. तुमच्या पत्रात एक चांगली खूण आहे : बाबांना कळा येत होत्या आणि ९०० मिली निघाली. म्हणजे मूत्राशयाला जाणीव शिल्लक आहे. ज्यांच्या पोटात दीड-दोन लिटर साठूनही दुखत नाही, नुसती रात्री अंथरुणात गळते, त्यांची मोटर हळूहळू वर्षानुवर्षं ताणून ढिली झालेली असते. मूत्रपिंडांवर दाब येऊन क्रिएटिनिनही तिथेच चढतं. बाबांचं १.६ हे नळी घालण्यापूर्वीचं की आत्ताचं, हे कळायला हवं. अडीच महिने नळी असूनही १.६ असेल तर तो बहुधा हृदयाचा आणि वयाचा हिशोब आहे, तुंबण्याचा नाही.

मोटर तपासण्यासाठी युरोडायनॅमिक्स नावाची चाचणी असते. मूत्राशयात बारीक नळी घालून दाब मोजतात. मधुमेह, पार्किन्सन, पक्षाघात किंवा मणक्याचा त्रास असेल तर मी ती आग्रहाने करतो. इतरांमध्ये दरवेळी नाही. कारण कमजोर मोटरचेही काही रुग्ण पाइप मोकळा झाल्यावर पोटावर थोडा जोर देऊन निभावतात. पण निकाल वाईट आला तर अपेक्षा आधीच खाली आणता येते. माझी एक चूक सांगतो. एकोणनव्वद वर्षांच्या एका मधुमेही आजोबांना मी घरच्यांच्या आग्रहाखातर, मोटर न तपासता, वाफेचा उपचार केला. प्रोस्टेट छान उघडलं. लघवी थेंबभरही आली नाही. त्यांच्या मुलीने मला एकच प्रश्न विचारला, ‘हे आधी कळलं नसतं का?’ कळलं असतं.

बाबांची बोटाने तपासणी झाली आहे का, हेही विचारा. ग्रंथी टणक, खडबडीत लागली तर कॅन्सरची शक्यता असते. नळी घातल्यावर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, आपोआप वाढतं, म्हणून त्या आठवड्यात केलेल्या पीएसएवर घाबरू नका. महिना-दीड महिना थांबून करायचं. आणि या वयात कॅन्सर निघालाच तर बरेचदा नुसत्या हॉर्मोनच्या उपचारानेही काही महिन्यांत ग्रंथी आकसून नळी निघते. मूत्रमार्ग कुठे आकुंचित झालाय का, मूत्राशयात खडा आहे का, हेही सोनोग्राफी आणि दुर्बिणीत पाहून घ्यावं. खडा असेल तर पुढची निम्मी चर्चा बाद.

माणूस किती नाजूक आहे हे वयावरून ठरत नाही. कॅनडातल्या केनेथ रॉकवुड यांच्या गटाने २००५ मध्ये मांडलेली आणि आता ९ पायऱ्यांची झालेली एक मोजपट्टी आहे, तिच्यात फक्त हे बघतात की माणूस रोजचं काय काय स्वतः करतो. मी माझ्यापुरतं आणखी सोपं ठेवलंय : हात न टेकता खुर्चीतून उठतात का, दारापर्यंत जाऊन परत येतात का, काल काय जेवलो ते सांगतात का, आणि गेल्या वर्षात वजन उतरलंय का. चारही उत्तरं बरी असतील तर ८६ वय आणि ३५ टक्के पंपिंग असूनही मी पुष्कळ काही करायला तयार असतो. चारही वाईट असतील तर सत्तरीतला माणूसही मला भीती घालतो. सगळ्यात जास्त भीती रक्ताची नव्हे, डिलिरियमची. जागा बदलली, झोप मोडली, दोन इंजेक्शनं पडली की रात्रीत म्हातारा माणूस भलतंच बोलू लागतो, नळ्या ओढतो, आणि काही जण त्यातून पूर्वीसारखे परत येत नाहीत. बाबा झोपेत नळी ओढतात असं तुम्ही लिहिलंय. हे आत्ताच घडत असेल तर इस्पितळातली प्रत्येक जास्तीची रात्र मोजूनमापूनच घ्यावी.

आता उपाय.

वाफेचा उपचार, रेझूम. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, प्रोस्टेटमध्ये सुई टोचून पाण्याची वाफ सोडतात, एका जागी ९ सेकंद. १०३ अंशांची वाफ पेशींच्या फटींतून पसरते, थंड होताना आपली उष्णता तिथे टाकते आणि तेवढा भाग मरतो. ६८ ग्रॅमच्या ग्रंथीला अशा आठ-दहा टोचण्या लागू शकतात. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. प्रोस्टेटभोवती बधिर करण्याचं इंजेक्शन आणि हलकी गुंगी यावर होतं. अमेरिकेत याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, ती ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथींसाठी. ग्रंथीचा मधला लोब, म्हणजे मधला भाग, मूत्राशयात डोकावत असला तरी चालतं. म्हणजे भूल टळली, रक्तस्राव जवळपास टळला, रात्रीचा मुक्काम टळला. मग किंमत कुठे मोजायची? वेळेत. मेलेलं मांस लगेच गळून पडत नाही, उलट आधी सुजतं. नळी लगेच निघत नाही. आधीपासून नळी असलेल्यांमध्ये तीन-चार आठवडे ठेवावी लागते, काहींना जास्त. त्या काळात जळजळ, घाई, लघवीत पांढुरक्या चिंधोट्या, कधी इन्फेक्शन. सुरुवातीच्या मान्यतेच्या चाचणीत नळीवाले रुग्ण घेतलेच नव्हते, हे विकणारे सांगत नाहीत. नंतर नळीवाल्यांवर जे अनुभव प्रसिद्ध झाले त्यांत दहातल्या सुमारे सात जणांची नळी निघाली. तुमच्या बाबांच्या ग्रंथीच्या मापाला हा उपाय बसतो. पण जो माणूस नळी ओढतोय त्याला आणखी महिनाभर नळी ठेवायची आहे, हे विसरू नका.

दुसरा, प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा. हा आम्हा युरोलॉजिस्टांच्या हातातला नाही, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट करतात. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेत नेत प्रोस्टेटच्या धमनीत पोचायचं आणि तिथे वाळूच्या कणांसारखे सूक्ष्म मणी सोडायचे. रक्त तुटलं की ग्रंथी आकसते. मला या पद्धतीबद्दल खास जिव्हाळा आहे, कारण तिचा जन्मच नळीवाल्यांसाठी झाला. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा ज्या दोन रुग्णांवर ती केली ते दोघेही लघवी अडून नळी लागलेले होते. एकाची नळी १० दिवसांनी निघाली, दुसऱ्याची १५. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये या पद्धतीला नेहमीच्या वापरासाठी हिरवा कंदील दिला. मूत्रमार्गाला हात लागत नाही, भूल फक्त टोचल्या जागेपुरती, क्लोपिडोग्रेल बरेचदा चालूच ठेवता येतं. ग्रंथी जितकी मोठी तितका निकाल बरा; ६८ ग्रॅम ठीक आहे.

कागदावर बाबांसाठी हेच आदर्श वाटेल. म्हणूनच दोन गोष्टींवर बोट ठेवतो. एक, या कामाला दीड ते तीन तास लागतात आणि तेवढा वेळ उताणं, सपाट, न हलता पडावं लागतं. ३५ टक्के पंपिंगच्या माणसाला सपाट झोपलं की दम लागतो का? बाबा किती उशा घेऊन झोपतात ते आज रात्री पाहा. हा प्रश्न फोनवर कोणी विचारत नाही आणि मग टेबलावर अर्ध्या तासात काम सोडावं लागतं. दोन, क्ष-किरणांत दिसण्यासाठी जो डाय धमनीत सोडतात तो मूत्रपिंडांना जड जातो, १.६ क्रिएटिनिनला तो बेतानेच द्यावा लागेल. शिवाय म्हाताऱ्या धमन्या जुन्या रबरी नळीसारख्या वेड्यावाकड्या आणि कडक झालेल्या असतात. कधी एकाच बाजूची धमनी सापडते. मणी भलत्या वाटेने मूत्राशयाकडे किंवा गुदाशयाकडे गेले तर तिथे जखम होते, म्हणून हे काम वर्षाला दोन-चार करणाऱ्याकडे नव्हे, नियमित करणाऱ्याकडेच करावं. मुंबई-पुण्यात असे हात आहेत.

युरोलिफ्टबद्दल थोडक्यात. खिडकीचा पडदा ओढून दोरीने बाजूला बांधावा तसे प्रोस्टेटचे दोन्ही लोब छोट्या क्लिपांनी बाजूला बांधतात. काही कापत नाहीत, जाळत नाहीत, त्यामुळे सूज कमी आणि नळी लवकर निघते, कधी दुसऱ्याच दिवशी. नळी ओढणाऱ्या माणसासाठी हे मोलाचं. पण मधला लोब फुगून मूत्राशयाच्या तोंडावर झाकणासारखा बसला असेल तर पडदे बांधून बरेचदा फारसा उपयोग होत नाही, आणि लघवी अडणाऱ्या म्हाताऱ्यांत तो लोब अनेकदा असतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘मीडियन लोब’ असा शब्द आहे का ते बघा. पाच-सात दिवस तारेचा सांगाडा ठेवून काढून घेण्याची आयटिंड नावाची पद्धतही आहे; नळी लागलेल्या माणसाला मी ती सुचवत नाही.

प्रोस्टेटमध्ये बसवायची स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, ही कल्पना १९८० पासूनची. निकेल-टायटॅनियमची एक स्प्रिंग तर गरम पाणी सोडलं की फुलून घट्ट बसते आणि थंड पाणी सोडलं की मऊ होऊन ओढून काढता येते. ऐकायला किती देखणं! प्रत्यक्षात ती सरकते, तिच्यावर खडे चढतात, काहींना सतत गळती लागते. तरीही एका जागी मला ती अजून आवडते : ज्याला कुठलंच ऑपरेशन नको आहे, आयुष्य महिन्यांत मोजायचं आहे, आणि नळी सहन होत नाही. शिवाय तात्पुरती स्प्रिंग बसवून लघवी झाली तर मोटर चालू असल्याचा तो पुरावाच.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत तेच सांगतो. लेझर. ‘मोठं ऑपरेशन’ म्हणून तुम्ही ते आधीच बाद केलंय, आणि मला वाटतं तुमच्या डॉक्टरांनीही. होल्मियम लेझरची पद्धत पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये टौरंगाला विकसित केली. कवचातून खोबऱ्याची वाटी सुटी करावी तशी आतली वाढलेली ग्रंथी सबंध सोडवून घेतात. या लेझरचा मारा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातो आणि जाता जाता रक्तवाहिन्या बंद करतो. टीयूआरपी या दुर्बिणीतून ग्रंथी खरवडण्याच्या जुन्या ऑपरेशनमध्ये ग्लायसिनचं पाणी वापरायचे, ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम उतरायचं आणि हृदयावर बोजा पडायचा. लेझरला साधं सलाईन चालतं, त्यामुळे ती भीती गेली. बायपोलर यंत्राने केलेल्या टीयूआरपीतही सलाईनच वापरतात. क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनही अनुभवी हात हे करतात. हृदयातल्या स्टेंटला दोन वर्षं झाली असल्याने हृदयाचे डॉक्टर कदाचित काही दिवस ती थांबवून फक्त ॲस्पिरिनवर ठेवायला तयारही होतील. हा निर्णय त्यांचा, आमचा नाही आणि तुमचा तर मुळीच नाही.

राहिली भूल. कमरेखालच्या अगदी थोड्या भागापुरती, बसवून दिलेली कमी मात्रेची स्पायनल भूल असते. तिने रक्तदाब फारसा घसरत नाही. तास-सव्वा तास. आणि नळी बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत निघते, महिन्याने नव्हे. नळी सुटण्याची खात्री या सगळ्या पद्धतींत इथेच सर्वांत जास्त. म्हणजे बघा : एक तासाची भूल आणि दोन रात्री इस्पितळ, की भूल नाही पण महिनाभर जास्तीची नळी आणि दहात तिघांना अपयश? यात ‘कमी त्रासाचं’ कोणतं हे माणसागणिक बदलतं. चालत्या-बोलत्या, डोकं ताळ्यावर असलेल्या ८६ वर्षांच्या माणसाला मी पुष्कळदा लेझरच सुचवतो. अर्धवट अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या माणसाला नाही. तुमच्या डॉक्टरांनी कशामुळे नको म्हटलं ते विचारा. भूलतज्ज्ञांनी बाबांना प्रत्यक्ष तपासून नको म्हटलं, की टूडी इकोचा आकडा वाचूनच? आकडा वाचून असेल तर दुसरं मत घ्या, आणि ते सर्जनचं नव्हे, हृदयरोग्यांना भूल देणाऱ्या भूलतज्ज्ञाचं.

आणि यातलं काहीच नको ठरलं तर? तर नळी. पण ती चांगली नळी. ‘कायमची नळी’ म्हणजे पराभव असं मानून घरोघरी जी हेळसांड होते ती मला सगळ्यात खुपते.

साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांची सोबतीण. पूर्ण सिलिकॉनची घ्या, ती बारा आठवड्यांपर्यंत राहते. मांडीला पट्टीने बांधा म्हणजे ओढ लागत नाही. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीवर टेकलेली नको. नळी बदलल्यावर शिश्नाची पुढची कातडी परत पुढे आणली आहे ना, हे दरवेळी बघा. मागे राहिली तर तासाभरात सुजून अडकते. आणि कृपा करून चांगल्या चाललेल्या माणसाची लघवी कल्चरला पाठवू नका. नळी असेल तर दर दिवसाला ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत जंतू शिरतात, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्या. रिपोर्टात जंतू दिसणारच. ताप, थंडी, कुशीत दुखणं, अचानक भ्रमिष्टपणा असेल तरच अँटिबायोटिक. नाहीतर पुढे खरी गरज पडेल तेव्हा एकही औषध लागू पडणार नाही. कधी पिशवी जांभळी झालेली दिसेल. घाबरू नका, बद्धकोष्ठ आणि काही जंतूंची ती करामत आहे. पोट साफ करा, नळी आणि पिशवी बदला.

घराबाहेर पडण्यासाठी पिंडरीला बांधायची छोटी पिशवी मिळते, ती पायजम्याखाली दिसत नाही. ज्यांची जाणीव आणि डोकं शाबूत आहे त्यांना पिशवीऐवजी नळीच्या टोकाला बारीक तोटी बसवता येते. तीन-चार तासांनी उघडायची, मोकळं करायचं, बंद करायची. मूत्राशयालाही भरण्या-रिकामं होण्याची सवय राहते. बाबांची मूत्रपिंडं बघून डॉक्टर हो म्हणाले तर याने त्यांचं देवळापर्यंतचं फिरणं परत सुरू होऊ शकेल.

दुसरा पर्याय ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी. सोनोग्राफीखाली, जागा बधिर करून, पंधरा मिनिटांत बसते. मूत्रमार्ग मोकळा राहतो, बदलणं सोपं, झोपेत हाताला पटकन लागत नाही. पोटाचं जुनं ऑपरेशन झालेलं असेल तर आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, तो आधी सांगा. आणि तिसरा, दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ हाताने बारीक नळी घालून रिकामं करून लगेच काढून टाकायची. अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये हे मांडलं तेव्हा निर्जंतुक न करता नळी घालायची या कल्पनेने लोक हबकले होते. पुढे तेच मूत्रपिंडं वाचवणारं ठरलं. हात थरथरत असतील तर घरातलं कोणीतरी करतं. पण इथे स्पष्ट बोलायला हवं. सासऱ्यांची नळी सुनेने घालायची का, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. बहुतेक आजोबा लाजेपोटी पाणी प्यायचंच कमी करतात. मुलगा किंवा घरी येणारा ब्रदर असेल तर हा मार्ग धरा, नाहीतर नको.

खर्चाचं. वाफेचं आणि क्लिपांचं साहित्य एका रुग्णापुरतंच वापरता येतं, म्हणून ते महाग पडतं. लेझर आणि टीयूआरपी तुलनेने स्वस्त. सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्न न बघता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण योजनेत कोणती प्रक्रिया बसते हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून आधी लेखी विचारून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर हा क्रम धरला असता. या आठवड्यात गोळ्या आणि पोट. दहा दिवसांनी तिसरी ट्रायल. फसली तर मीडियन लोब आहे का, मोटर चालू आहे का, आणि भूलतज्ज्ञ प्रत्यक्ष बघून काय म्हणतात, या तीन गोष्टी. भूल चालत असेल तर लेझर. चालत नसेल आणि मीडियन लोब नसेल तर क्लिपा. तो असेल तर वाफ, आणि तेवढ्या महिन्यापुरती नळी पोटातून, म्हणजे ओढायचा प्रश्नच मिटला. बाबा सपाट झोपू शकत असतील आणि मूत्रपिंडांचे डॉक्टर डायला हो म्हणाले तर रक्तवाहिनीचा उपाय वाफेच्या बरोबरीने विचारात घ्या. हे सगळं ठरवताना बाबांना खोलीबाहेर बसवू नका. मी अनेकदा पाहिलंय, मुलं लेझर की वाफ यावर तासभर भांडतात आणि आजोबांना हवं असतं एवढंच की नातीच्या लग्नात पिशवी दिसू नये. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर तोटी बसवून द्या आणि बाकीचं लग्नानंतर बघा.

तोवर एक लक्षात ठेवा. पिशवीत तीन-चार तास काहीच आलं नाही आणि ओटीपोट फुगलं, गाठीगाठीचं रक्त आलं, किंवा थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच इस्पितळ गाठायचं. आणि आत्ता असलेली नळी कोणत्या तारखेला घातली, ती रबराची की सिलिकॉनची, हे मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. आधी ते बघा.